दह्याचं ताक करणारी सायकल

पनवेलची थंडी म्हटलं की पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत बापडे. डिसेंबर आला की आमच्याकडेही सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं, कपाटातली शाल बाहेर येते आणि संध्याकाळी नेऱ्याच्या बाजूने वारा सुटला की त्यात पोपटीचा वास असतो. मडक्यात वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा, की झाली पोपटी. त्या पाल्याचा वास उग्र असतो, काहींना तो अजिबात सोसत नाही. मला मात्र तो वास आला की हातांना सायकलची मूठ आठवते.

यंदा तो वास आला त्याच संध्याकाळी सईचा फोन आला. सई माझी भाची, दादाची मुलगी, पुण्यात नोकरी करते, दादाही आता तिच्याकडेच राहतो. "आत्या, लांब जायला सायकल घेतेय. स्टीलची घेऊ की ॲल्युमिनियमची? आरामाची कुठली?" मी तोंड उघडायच्या आत तिने पुढचं जोडलं, "आपल्या घरात बायकांची पाठ कच्ची आहे ना, म्हणून आधी तुला विचारतेय."

माझं डोकंच सणकलं. "कोणी सांगितलं तुला हे?"

"बाबांनी. आजीचंही तसंच होतं म्हणे."

धन्य आहे! पस्तीस वर्षांपूर्वी जे भूत मी गाडलं म्हणून निवांत होते, ते माझ्याच भावाने उकरून काढलं आणि स्वतःच्या पोरीच्या मानगुटीवर बसवलं. आणि गाडताना हा स्वतः हजर होता, शेंगा सोलत बसला होता. विसरला असेल. पुरुषांना सोयीचं तेवढं बरोबर विसरता येतं. मी सईला म्हटलं, उद्या सांगते, आणि फोन ठेवला. रात्रभर चरफडले. सकाळी गॅलरीत जाऊन माझ्या सायकलवरची चादर काढली.

नव्वदीची नुकती सुरुवात होती. आम्ही नवीन पनवेलला राहायला येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हा सेक्टर म्हणजे नव्या चार मजली इमारती आणि मध्ये मोकळी माळरानं. दुकानं कमी, कुत्री फार. मी चोवीस वर्षांची. बी.एड. झाले होते आणि नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका शाळेत मला नोकरी लागली होती. नोकरी हंगामी. वर्षभर खाडा न करता शिकवलं तर जूनमध्ये कायम करू, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं. अडचण एकच होती. शाळा साडेदहाची आणि एसटी एक फार लवकर, दुसरी फार उशिरा. मग मी जुन्या पनवेलातल्या इस्माईलचाचांच्या दुकानातून एक जुनी रेसर सायकल घेतली. लोखंडी, म्हणजे सईच्या भाषेत स्टीलची, विटकरी रंगाची, पुढे मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. आणि मध्ये दांडा.

तो दांडा म्हणजे सेक्टरभर चर्चेचा विषय झाला. लेडीज सायकल नाही, दांड्याची! समोरच्या इमारतीतल्या काकू मी निघायच्या वेळेला नेमक्या कपडे वाळत घालायला यायच्या. रोज तीच दोन फडकी. टांग टाकून बसताना मी मुद्दाम वर बघून म्हणायचे, "काकू, येते हं." त्या गडबडीने आत जायच्या. शाळेत शिक्षिकेने साडीच नेसायची असा नियम होता, आणि रेसरवर साडी म्हणजे चाकात पदर. त्यामुळे मी पंजाबी ड्रेसवर जायचे आणि शाळेशेजारच्या बारकीबायच्या घरात साडी नेसायचे. बारकीबाय पन्नाशीची, दोन एकरांत भात आणि नंतर वाल लावणारी. पहिल्या दिवशी तिने मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "गो बाय, तू मास्तरीन हायस का पोलीस?" त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

पावसाळाभर त्या लोखंडी सायकलने मला नेलं-आणलं. चिखलात बरबटले, एकदा सुकापूरच्या वळणावर म्हशीसमोर पडले, पण पाठ दुखली वगैरे मला आठवत नाही. भूक मात्र भयंकर लागायची.

दिवाळीला दादाने ॲल्युमिनियमची आणली.

दादाचा एक मित्र समुद्रकाठच्या करंजा गावचा होता. घराणं कोळ्यांचं, पण हा मोठ्या जहाजावर इंजिनात कामाला. कुठल्याशा बंदरात त्याने ही सायकल घेतली होती. चंदेरी, चकचकीत, जाड जाड नळ्यांची, आणि उचलली तर एका हातात यायची. लोखंडी सायकल तिसऱ्या मजल्यावर चढवताना माझी दमछाक होते हे दादा रोज बघायचा, म्हणून त्याने मित्राच्या मागे लागून ती मिळवली होती. पाडव्याच्या दिवशी त्याने ती घरात आणली, आईने तिला हळदकुंकू लावलं आणि मी दादाच्या गळ्यात पडले. खोटं कशाला सांगू, मलाही ती फार आवडली होती. हलकी म्हणजे सुखाची, हे आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. तिला रस्त्यात कोणी बघितलं नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं. लोखंडी सायकल इस्माईलचाचांकडे परत गेली आणि त्यांच्या दुकानात आढ्याला टांगली गेली.

दादाने एक काम स्वतःकडे घेतलं होतं, हवा भरायचं. आमच्याकडे हवा भरणं ही इभ्रतीची गोष्ट असते. टायरवर अंगठा दाबायचा, तो जरासुद्धा आत गेला तर हवा कमी. मुंबईला कामावर निघायच्या आधी हा प्राणी पंप घेऊन उकिडवा बसायचा आणि घाम फुटेपर्यंत हवा मारायचा. मग अंगठा दाबून म्हणायचा, "दगड झालाय बघ! आता तुला पायडल मारायलाच नको." त्या बारीक टायरांवर टिचकी मारली तर लाकडावर मारल्यासारखा आवाज यायचा.

कार्तिक संपता संपता माझी बोटं बधिर व्हायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. फळ्यावर लिहिताना खडू निसटायचा. मग कंबर. मग मान. नेऱ्याचा रस्ता तेव्हा निम्मा डांबरी आणि निम्मा खडीचा होता. खडी सुरू झाली की दात एकमेकांवर वाजायचे. घरी आल्यावर तिसरा मजला मी कठड्याला धरून, म्हाताऱ्या बाईसारखी चढायचे. सायकलची शंका कोणालाच आली नाही, मलासुद्धा. परदेशी वस्तूत खोट असेल असं कोणाच्या मनात येणार? खोट असलीच तर ती आपल्यात.

आई तेलाची वाटी घेऊन पाठ चोळायला बसायची आणि चोळता चोळता म्हणायची, "आपल्या घरातल्या बायकांची पाठच कच्ची गं. माझंही असंच झालं." तिची गोष्ट मला माहीत होती. लग्नाआधी पेणच्या बाजूला तिला नर्सबाईची नोकरी लागली होती. दवाखान्याच्या सायकलवरून गावोगाव फिरायचं, बाळंतिणी बघायच्या. सहा महिन्यांत पाठ धरली. घरचे म्हणाले, बाईच्या जातीला हे झेपत नाही. तिने राजीनामा दिला. पुढे उभा जन्म ती शेजारणींच्या बाळंतपणात पुढे असायची, कोणाची नाळ, कोणाचा ताप, पण नोकरीचं नाव काढलं की गप्प व्हायची.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, सायकल बंद करा. मग घरात ठरलं. ठरलं म्हणजे माझ्याशिवाय सगळ्यांनी ठरवलं. संक्रांतीपर्यंत पाठ सुधारली तर ठीक, नाहीतर राजीनामा. नोकरी काय, नवीन पनवेलात शिकवण्या घेता येतील. मी उसळून म्हटलं, "सायकलवरून जायला लागल्यावर पावसाळाभर मला काही झालं नव्हतं. रस्ताच वाईट आहे, माझी पाठ नाही."

दादा हसून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

ही म्हण मी पुढे वर्षानुवर्षं पोरांकडून पाठ करून घेतली असेल, पण त्या दिवसापासून तिच्यावर माझा राग आहे. अरे, कधीतरी अंगण खरंच वाकडं असतं! ते बघायला कोणी खाली वाकतं का? नाचणारीच्या पायाकडे बघून मोकळे.

पण खरं सांगू? रात्री अंथरुणावर मी घाबरलेली असायचे. कंबरेत कळ आली की वाटायचं, आई म्हणते तेच खरं असेल. हे आपल्याला वारशात मिळालंय, आणि आपण उगाच भांडतोय.

डिसेंबरात एका रविवारी चंदेरी सायकलचा मागचा ब्रेक घासायला लागला म्हणून मी ती इस्माईलचाचांकडे नेली. चाचा साठीचे, मेंदीने रंगवलेली दाढी, कानावर पेन्सिल. त्यांच्याकडे तसला ब्रेक नव्हता, मुंबईहून मागवावा लागणार होता. ते म्हणाले, "दोन दिवस लागतील, बेटा. तोवर तुझीच जुनी घेऊन जा. आढ्याला टांगून बिचारी उदास झालीय." त्यांनी ती खाली उतरवली, फडक्याने पुसली, तेल दिलं. हवा भरली ती त्यांच्या पद्धतीने, अंगठा जरा आत जाईल इतकीच.

सोमवारी मी तिच्यावरून शाळेत गेले. जड वाटली, उन्हात चढावर जीव निघाला. डब्याचं आमचं असं होतं की सीटच्या मागे ट्यूबच्या पट्टीने तो आवळून बांधायचा. आई रोज रात्री छोट्या डब्यातच दही लावायची, तोच डबा सकाळी बरोबर. मधल्या सुट्टीत मी बारकीबायच्या ओटीवर जेवायचे. त्या दिवशी मी डबा उघडला आणि ती वाकून बघत म्हणाली, "आज दही हाय गो!"

"रोज दहीच असतं."

"नाय बाय. दिवाळीपासून तू ताक आनतेस. मी बोलली नाय, म्हटलं तुज्या आईचं विरजन बिघडलं असल."

मी डब्यात बघितलं. दही कसं, कवडीसारखं! वरची साय जशीच्या तशी, चमचा खुपसला तर उभा राहिला. मला आठवलं, दोन महिने मी तो डबा तोंडाला लावून पीत होते, आणि मला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. म्हणजे घरापासून शाळेपर्यंत ती चंदेरी बया दही घुसळत होती. आणि त्याच सीटवर, त्याच डब्याच्या पुढे वीतभर अंतरावर, मी बसलेली होते.

मी ओटीवर मोठ्याने हसले. मग मला रडू आलं. बारकीबाय घाबरून पाणी घेऊन आली. "काय झालं गो?" मी म्हटलं, "माझी पाठ चांगली आहे." ती म्हणाली, "मग रडतेस कशाला? जेव."

संध्याकाळी घरी आले, तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि दारात आल्यावर लक्षात आलं की कठड्याला हात लावला नव्हता.

ब्रेक बसला तरी लोखंडी सायकल मी परत दिली नाही. आता दोन्ही घरात. एक दिवस ही, एक दिवस ती. सोमवारी दही, मंगळवारी ताक. बुधवारी दही, गुरुवारी ताक आणि बधिर बोटं. इस्माईलचाचांना सांगितलं तर त्यांनी कारागिराचा निवाडा दिला: "लोखंडात लचक असते, बेटा. धक्का आला की थोडा स्वतः गिळतं. हा गोरा साहेब काही गिळत नाही, जसाच्या तसा तुझ्या हवाली करतो." घरात सांगितलं तर दादा म्हणाला, "दह्यावरून डॉक्टरकी करतेस?" परदेशी सायकलीला नावं ठेवली याचंच त्याला जास्त लागलं होतं.

संक्रांत आठवड्यावर आली. मी दादाला म्हटलं, "रविवारी बारकीबायने पोपटीला बोलावलंय. तू चंदेरीवर चल, मी लोखंडीवर. नेहमीची हवा तूच भर. आईने एकाच दुधाचं दही दोन डब्यांत लावायचं. नेऱ्याला पोचल्यावर डबे उघडायचे. तुझ्या डब्यात दही निघालं तर सोमवारी राजीनामा देते." बोलून गेले. नोकरी मी दह्याच्या कवडीवर लावली होती. पण तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायचा माझा स्वभाव नाही.

दादा म्हणजे रोज ऑफिसला जाणारा, कॉलेजात कबड्डी खेळलेला, पाठ अगदी पाटासारखी. निघताना तो शीळ घालत होता. सुकापूरपर्यंत शीळ चालू होती. खडी लागल्यावर थांबली. मी त्याच्या बरोबरीने चालले होते, ना पुढे ना मागे, नंतर बोलायला जागा नको म्हणून. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये तो एकदा हा हात झटकायचा, एकदा तो.

बारकीबायच्या खळ्यात पोपटी नुकतीच उतरवली होती. मडक्यातून वाफ निघत होती आणि दुपारच्या उन्हात तो पाल्याचा वास भरून राहिला होता. मी माझा डबा उघडला. दही. दादाने त्याचा डबा पुढे घेतला. आईने डब्याला फडकं बांधून वर गाठ मारली होती. दादा ती गाठ सोडवायला लागला. बोटं गाठीवरून नुसती घसरत होती. एकदा, दोनदा. त्याने हात मांडीवर चोळले, पुन्हा प्रयत्न केला. शेवटी बारकीबायने त्याच्या हातातून डबा घेतला, गाठ सोडली, झाकण काढलं आणि त्याच्यासमोर धरला. "पी रं बाबा," ती म्हणाली. "ताक हाय."

दादाने ते पिऊन टाकलं. मग बराच वेळ शेंगा सोलत बसला. म्हणजे सोलायचा प्रयत्न करत बसला. निघताना त्याने गुपचूप लोखंडी सायकल धरली आणि म्हणाला, "मंजू, जाताना मी ही घेऊ?" मी म्हटलं, "नाही." आज वाटतं, जरा दुष्टपणा झाला. पण वाईट वाटत नाही.

आता इथे सईची बाजूही सांगायलाच हवी, कारण ती इंजिनिअर आहे आणि मला पकडणारच. पकडलंच तिने. दुसऱ्या दिवशी फोनवर सगळं ऐकून म्हणाली, "आत्या, तुझा प्रयोग कच्चा आहे. नुसती नळी नाही, टायर बघ. चंदेरीचे बारीक, वर बाबांनी हवा दगडासारखी भरलेली. लोखंडीचे जाड, हवा नरम. बेताची हवा भरली असतीस तर तीसुद्धा बरी चालली असती." असेल बाई. चाचांची लचक अर्धी खरी असेल आणि दादाच्या पंपाने अर्धा घात केला असेल. म्हणजे रोज पहाटे घाम गाळून, मायेने, तो माझीच पाठ मोडत होता. त्याला हे फोनवर ऐकवलं तेव्हा पलीकडून नुसतं "हं" आलं. त्या चंदेरीवर मी अन्याय केला असेन तर तिची माफी मागते. पण स्टील असो, ॲल्युमिनियम असो, टायर असो की हवा असो, जे काही होतं ते माझ्या कातडीच्या बाहेर होतं. मी एवढंच म्हणत होते.

राजीनामा दिला नाही हे वेगळं सांगायला नको. जूनमध्ये कायम झाले, त्याच शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आणि मुख्याध्यापिका झाल्यावर पहिला हुकूम काढला तो शिक्षिकांनी सोयीचा पोशाख घालावा असा. बारकीबाय आता नाही. तिच्या वालाच्या शेताच्या जागी कोणाचंतरी फार्महाऊस आहे, त्याला मोठं फाटक आहे. मी अजून त्या रस्त्याने जाते, त्याच विटकरी सायकलवर. फाटकावरचा माणूस रोज बघतो. मी त्याच्याकडे बघून घंटी वाजवते.

पण मला सांगायचं होतं ते त्या रविवारच्या संध्याकाळचं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत होती. दादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "आई, मंजूची पाठ ठीक आहे. सायकलच धड नव्हती." आणि आंघोळीला निघून गेला. मी जिंकले होते. मी घरभर नाचत होते, आणि अंगण वाकडं होतं म्हणून ओरडत होते. आईने वड्या झाकल्या, आमचे दोन्ही डबे घेतले आणि मोरीत घासायला बसली. एका डब्याच्या कडेला दही चिकटलेलं होतं, दुसरा पाण्यासारखा स्वच्छ. ती दोन्ही डबे हातात धरून बघत बसली. नळ तसाच चालू.

"मंजू," ती म्हणाली. "दवाखान्याची ती सायकल... तिला सीटच्या स्प्रिंगा नव्हत्या गं. मोडल्या होत्या. कोणी बसवल्याच नाहीत." मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "म्हणजे माझीही पाठ तेव्हा चांगलीच असेल का?"

मी चोवीस वर्षांची, जिंकण्याच्या धुंदीत. मी म्हटलं, "असेल की," आणि वड्यांवरचं ताट उचलून एक वडी तोंडात टाकली. तिने नळ बंद केला. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, मीही नाही. ती जाऊन आता बारा वर्षं झाली.

म्हणून काल सईला सांगितलं, सायकल कुठलीही घे. स्टीलची घे, ॲल्युमिनियमची घे, हवा बेताची भर, आणि घ्यायच्या आधी दुकानदाराकडून मागून खडीच्या रस्त्यावर तासभर चालवून बघ. दुखलं तर टायर बदल, सीट बदल, हँडल बदल, सायकल बदल. पाठीला नावं ठेवायची वेळ येऊ देऊ नकोस. ती म्हणाली, "बरं आत्या." मी म्हटलं, "थांब, झालं नाही. फोन तुझ्या बाबाला दे."

दादा फोनवर आला. मी त्याला म्हटलं, "पोरीला पुन्हा सांग. माझ्यासमोर सांग. आईची पाठ चांगली होती."